शेतमाल वाहतूक : ट्रॉलीवर कोणते आच्छादन घ्यावे?

भात, नागली आणि वरईची मळणी उरकून माल घराबाहेर काढण्याच्या सुमारास परतीचा पाऊस अजून पुरता गेलेला नसतो. खोडाळ्याहून माल कोठेही न्यायचा, मग तो मोखाड्यावरून त्र्यंबककडे असो, विहीगाववरून कसाऱ्याकडे असो की जव्हारकडे असो, चढ-उतार व वळणांचा रस्ता चुकत नाही. त्यात वाटेत एक सर आली, तर चार महिन्यांची मेहनत ट्रॉलीतच भिजते.

पाणी किती नुकसान करते, याचा हिशेब सोपा आहे. समजा, 14 टक्के ओलाव्याचे 10 क्विंटल भात आपण भरले. त्यात 860 किलो कोरडा अंश असतो. एवढ्या भातात अवघे 36 लिटर पाणी मुरले की ओलावा 17 टक्क्यांवर जातो. आधारभूत खरेदीत भातासाठी ओलाव्याची कमाल मर्यादा 17 टक्केच आहे. दहा फूट लांब व सहा फूट रुंद हौद्यावर केवळ 7 मिलिमीटर पाऊस पडला तरी सुमारे 39 लिटर पाणी होते. ते सगळे पोत्यांत मुरेल असे नाही, परंतु वरच्या थरातील पोती भिजली तरी माल परत आणून पुन्हा वाळवण्याची पाळी येते. भाडे दुप्पट होते ते वेगळेच.

आपल्याकडे सर्रास दिसते ती सपाट ताडपत्री. मालावर टाकली, दोरीने आवळली की काम झाले. खर्च कमी, म्हणून ती टाकाऊ नाही. परंतु पोत्यांच्या मधल्या खळग्यात पाणी साचते. वर सांगितलेल्या हौद्यावर सरासरी 5 सेंटिमीटर पाणी साचले तर पावणेतीन क्विंटलांहून अधिक वजन डोक्यावर चढते, आणि घाटाच्या वळणावर ते एका बाजूला धावते. ताडपत्री फाटली तर सगळे पाणी एकदम मालात. म्हणून पोती रचताना मधली ओळ उंच ठेवून पाखे काढावेत. ताडपत्री दोन तुकड्यांची असेल तर पुढच्या तुकड्याची कड मागच्यावर येऊ द्यावी, नाहीतर वाऱ्याने ती फुगते. घरावर कौले चढवणाऱ्यास हे वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रकार लोखंडी कमानींवरील ताडपत्रीचा. चार किंवा पाच कमानी फळक्यांच्या खोबणीत बसतात, त्यामुळे पाणी दोन्ही बाजूंनी निथळते व मालावर हवा खेळती राहते. गावातील वेल्डिंगवाला त्या करून देऊ शकतो. माती, शेणखत वाहताना कमानी काढून ठेवता येतात. उलटणाऱ्या ट्रॉलीला तर त्या काढता आल्याच पाहिजेत. कमानीची उंची मात्र बेताची असावी. गावातील विजेच्या तारा व झाडांच्या फांद्या विसरू नयेत.

याच प्रकारात रुळावर मागे-पुढे सरकणारी ताडपत्री मिळते. बाजूने माल भरणे सोपे जाते, हमालीचा वेळ वाचतो. परंतु खडबडीत रस्त्याने रूळ वाकतात, धुळीने चाके अडकतात. रोज वाहतुकीचा धंदा असेल त्यानेच तिचा विचार करावा. वर्षातून दहा-बारा खेपा करणाऱ्यास तो खर्च परवडणार नाही, असे माझे मत आहे.

तिसरा, पूर्ण बंद पत्र्याचा हौदा. पाऊस आणि चोरी दोन्हींपासून उत्तम संरक्षण, म्हणून बियाणे, खते, किराणा यांना तो योग्य. पण त्याचे स्वतःचे वजन तेवढा माल कमी करते. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार जादा भारास 20,000 रुपये व प्रत्येक जादा टनास आणखी 2,000 रुपये दंडाची तरतूद आहे, हे लक्षात ठेवावे. उंच हौद्याला घाटात वारा लागतो, तोल वर सरकतो. शिवाय उन्हात पत्रा तापतो. मोगऱ्यासाठी तर असा हौदा घेऊच नये. कळी तोडल्यावरही श्वसन करते व उष्णता सोडते. बंद जागेत ती उष्णता कोंडते आणि दादरच्या फूलबाजारात पोहोचेपर्यंत कळ्या उमलतात किंवा काळवंडतात. मोगरा व भाजीपाल्यास बाजू जाळीच्या आणि वर कमानीची ताडपत्री, हेच बरे.

खोडाळा परिसरात भात, नागली आणि मोगरा एकाच गाडीने आळीपाळीने जात असेल, तर कमानीच्या आच्छादनाचीच निवड करावी. चार शेजाऱ्यांनी मिळून कमानी केल्या तर खर्चही विभागतो.

आच्छादन कितीही चांगले असले तरी पाणी खालूनही येते. गंजलेल्या तळाच्या भोकांतून चाकांचे पाणी उडते व खालची पोती भिजतात. यासाठी तळाशी बांबू किंवा लाकडी पट्ट्या टाकून त्यांवर पोती रचावीत. बंद हौदा विकत घेताना आत उभे राहून दार लावून घ्यावे. जेथून उजेड दिसेल तेथून पाणी येणार. एका आसाच्या ट्रॉलीत जड पोती आसावर व किंचित पुढे ठेवावीत. भार मागे गेला की जोडणी उचलली जाते आणि चढावर ट्रॅक्टर ताब्यात राहत नाही.

मुक्कामी पोहोचल्यावर ताडपत्री लगेच काढावी. उबदार धान्यावर ती रात्रभर राहिली तर आतून दव धरते, आणि वाटेत कोरडे राहिलेले भात दारात ओले होते.