परिव्यय-लाभ विश्लेषण : अर्थ आणि उपयोग

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर धरणातून निघणारे पाणी पूर्णा कालव्याने वसमतच्या सखल, काळ्या जमिनीकडे आणि पुढे शेजारच्या जिल्ह्यांत जाते. त्या भागातील बागायत या पाण्यावर उभी आहे. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या उंच माळरानाला मात्र त्याचा उपयोग नाही. मग या धरणाचा लाभ झाला की नाही, आणि झाला तो किती, हे ठरवावयाचे कसे? एखाद्या कामावर समाजाला जे सोडावे लागते आणि त्यातून समाजाला जे मिळते, ते एकाच मापाने मोजून त्यांची तुलना करण्याच्या पद्धतीस परिव्यय-लाभ विश्लेषण म्हणतात.

व्यापाऱ्याचा ताळेबंद आणि हे विश्लेषण यांत मूलभूत फरक आहे. ब्रिटिश अमदानीत कालव्याचे यश मुख्यतः सरकारी तिजोरीत परत येणाऱ्या पाणीपट्टीवरून जोखले जाई. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणीपट्टीत न दिसणारे पीक, मजुरी व व्यापार यांतील लाभ त्या पाहणीने हिशेबात आणले. पुढे १९६४ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने पाटबंधारे प्रकल्पांसाठी केवळ आर्थिक परताव्याऐवजी लाभ आणि परिव्यय यांच्या गुणोत्तराची कसोटी सुचविली. सर्वसाधारण प्रकल्पासाठी हे गुणोत्तर किमान १.५ असावे, अवर्षणप्रवण भागात मात्र १ देखील चालावे, असा दंडक नंतर रूढ झाला. दुष्काळी प्रदेशातील पाण्याचे मोल निव्वळ पिकाच्या किमतीहून अधिक आहे, याची ही एक प्रकारे कबुलीच होय.

हिशेब करताना चुका बहुधा ठराविक ठिकाणी होतात. कामापूर्वीची व नंतरची स्थिती ताडून पाहणे पुरेसे नसते. काम झाले नसते तर काय घडले असते, हे पाहावे लागते. कारण सुधारित बियाण्याने वाढलेले उत्पन्न कालव्याच्या नावे मांडता येत नाही. पाण्यामुळे वाढलेले पीक आणि त्याच कारणाने वाढलेली जमिनीची किंमत, ही दोन्ही धरल्यास एकच लाभ दोनदा मोजला जातो. काळाचाही विचार हवा. दरसाल १० टक्के दराने, दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य सुमारे ३९ रुपयेच भरते. साहजिकच, रखडलेल्या कालव्याचा लाभ कागदावर तेवढाच राहिला तरी प्रत्यक्षात घटत जातो.

हीच दृष्टी शेतावरही लागू पडते. हळदीचे पीक आठ-नऊ महिने शेतात उभे असते. त्यानंतर शिजविणे, वाळविणे व पॉलिश करणे आलेच. घरच्या माणसांची मजुरी आणि गुंतलेल्या भांडवलाचे व्याज सोडून दिल्यास नफा फुगलेला दिसतो. ग्रामपंचायतीने टँकरचा वार्षिक खर्च आणि पाझर तलावाचा एकवेळचा खर्च यांची तुलना करताना पाण्यासाठी स्त्रियांचा जाणारा वेळही मोजला पाहिजे. तो फुकट धरण्याची सवय फार जुनी आहे.

काही लाभांना बाजारभावच नसतो. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेसाठी एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. नव्या ज्ञानाचे मोल रुपयांत सांगणे धाडसाचे ठरेल. रस्ते, रोजगार व प्रशिक्षण यांचा हिशेब मात्र करता येतो. जे मोजता येत नाही ते शून्य न धरता शब्दांत नोंदवावे, हाच येथे योग्य मार्ग होय.

गुणोत्तराची खरी उणीव वेगळीच आहे. एकाचा शंभराचा लाभ आणि दुसऱ्याचा पन्नासाचा तोटा यांची वजाबाकी करून ते पन्नासाचा निव्वळ लाभ दाखविते. तोटा सोसणाऱ्याला भरपाई मिळाली की नाही, हे ते सांगत नाही. म्हणून ग्रामसभेपुढे येणाऱ्या प्रस्तावात एकूण बेरजेच्या शेजारी वस्तीवार तक्ता असावा : पाणी कोणाला, जमीन कोणाची गेली, वर्गणी व श्रम कोणाचे, आणि देखभालीचा खर्च पुढे कोण उचलणार.