व्हॉट्सॲपवर बोलताना साधा फोन आला की…

पुण्याहून म्युनिकला लेकीशी व्हिडिओ कॉल रंगात आलेला असतो आणि तेवढ्यात कुरिअरवाल्याचा फोन वाजतो. उचला किंवा कापा, लेकीचा चेहरा गोठतो, ‘रीकनेक्टिंग’ अशी अक्षरं येतात. कधी कॉल टिकतो, पण आपलं बोलणं पलीकडे ऐकूच जात नाही. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘ॲप काढून परत टाक’. त्या वाटेला जाऊ नका. बॅकअप नसेल तर जुने चॅट जातील आणि दुखणं बहुधा तसंच राहील.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यायची. तुम्ही व्हॉट्सॲपवर बोलत असता तेव्हा मोबाइल कंपनीच्या लेखी तुमचा फोन मोकळाच असतो. तिला फक्त डेटा जाताना दिसतो, म्हणून ती साधा कॉल पाठवते. कॉल वेटिंग बंद करून काही होत नाही, कारण ती सोय साध्या कॉलवर दुसरा साधा कॉल आला तरच कामाला येते. दोन्ही कॉल सांभाळायचे ते फोननेच, आणि त्याची गाडी अडते ती नेटवर्कवर, आवाजावर किंवा परवानग्यांवर.

कुठे अडतेय ते शोधायला घरातले आणखी दोन फोन मागून घ्या. तुमचा फोन वायफायवर ठेवा, एका फोनवरून व्हॉट्सॲप कॉल लावा, मग दुसऱ्यावरून साधा कॉल करा. एकदा तो न उचलता कापा. एकदा उचला, थोडं बोला, मग कापा. आता वायफाय बंद करून मोबाइल डेटावर हाच खेळ पुन्हा करा. दोन सिम असतील तर दोन्ही नंबरांवर साधा कॉल करून बघा. वायफायवर सगळं ठीक आणि डेटावर तुटतंय, तर दोष नेटवर्कच्या बाजूचा. दोन्हीकडे तीच रड असेल, तर पुढचा परिच्छेद सोडून त्यापुढे चला.

नेटवर्कचं दुखणं बहुतेक दोन सिमवाल्यांचं असतं. डेटा एका सिमवर, आणि बँकेपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांकडे असलेला जुना नंबर दुसऱ्या सिमवर. त्या दुसऱ्या सिमवर कॉल उचलला की बऱ्याच फोनमध्ये पहिल्या सिमचा डेटा थांबतो. म्हणून आधी सिमच्या सेटिंगमध्ये दोन्ही सिमसाठी व्हीओएलटीई, म्हणजे साधा कॉल ४जीवरूनच नेणारी सोय, चालू आहे का बघा. मग साधा कॉल चालू असताना वरच्या पट्टीवर नजर ठेवा. ५जीचं ४जी झालं तर हरकत नाही, पण तिथे ‘ई’ उमटला, तर कॉल २जीवर उतरलाय आणि त्या काळात व्हॉट्सॲपला डेटा मिळणार नाही. जिओचं जाळं २०१६पासून ४जीवरच उभं राहिलं, त्यामुळे त्याचा कॉल २जीवर उतरत नाही; इतर कंपन्यांच्या सिमवर हे तपासायलाच हवं. व्हीओएलटीई चालू असूनही डेटा थांबत असेल, तर अँड्रॉइडच्या सिम सेटिंगमध्ये ‘डेटा ड्युरिंग कॉल्स’ किंवा तशाच नावाचा पर्याय शोधा, आयफोनवर ‘अलाउ मोबाइल डेटा स्विचिंग’. तो चालू केला की कॉलपुरता डेटा दुसऱ्या सिमवरून वाहतो. मेख अशी की त्या सिमवर डेटाचा पॅक हवा. नुसतं कॉलचं रिचार्ज मारून जिवंत ठेवलेल्या सिमवर हा पर्याय शोभेचाच. मग सरळ मार्ग एकच, लांबलचक व्हॉट्सॲप कॉल वायफायवर करायचे.

आता आवाज. आयफोनवर साधा कॉल आला की व्हॉट्सॲप ‘होल्ड’वर ठेवायचा की संपवायचा, असे दोन्ही पर्याय पडद्यावर येतात. घाईत ‘एंड’वर बोट पडतं आणि दोष ॲपच्या माथी जातो. होल्डवर गेलेला कॉल काही फोनवर आपणहून परत येतो, काहींवर येत नाही. ॲप उघडून त्या कॉलच्या पडद्यावर स्वतः जा. तरी आवाज मुका असेल तर स्पीकरचं बटण एकदा चालू-बंद करा, माइक म्यूट नाही ना ते बघा. कानात ब्लूटूथ असेल तर ते काढून चाचणी पुन्हा घ्या. ब्लूटूथशिवाय सगळं सुरळीत चाललं, तर जोडणी पुसून नव्याने करा.

परवानग्यांचं काम दोन मिनिटांचं. ॲपच्या माहितीत जाऊन मायक्रोफोन, फोन आणि नोटिफिकेशन या परवानग्या द्या, नव्या अँड्रॉइडवर ब्लूटूथसाठी ‘निअरबाय डिव्हायसेस’ही. ‘फोन’ ही परवानगी लोक संशयाने नाकारतात, पण साधा कॉल चालू आहे हे ॲपला कळायला ती लागते. व्हॉट्सॲपचा कॉल मुळात वाजतच नसेल, तर बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, आणि फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर तेही चालू ठेवा. फक्त अनोळखी नंबरच वाजत नसतील, तर ॲपच्या प्रायव्हसीत ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ कुणीतरी चालू केलेलं असतं.

साधा कॉल चालू असताना व्हॉट्सॲप कॉल लावू देत नाही, याची मात्र दुरुस्ती शोधू नका. ते तसंच ठेवलेलं आहे.

एवढ्यावरही जमलं नाही तर ॲप आणि फोन अपडेट करा, मग ‘रीसेट नेटवर्क सेटिंग्ज’. त्यात फोटो आणि चॅट जात नाहीत, पण वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात, तेव्हा पासवर्ड आधी कागदावर उतरवा. या नादात कुणी ‘कस्टमर केअर’ म्हणून फोन करून स्टार ४०१ हॅश दाबायला सांगितलं तर दाबू नका. तो कॉल दुसऱ्याच्या नंबरावर वळवण्याचा कोड आहे. फसवणुकीमुळे दूरसंचार विभागाने कोड दाबून कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४पासून थांबवायला लावली.

मुलाखतीसारखा महत्त्वाचा कॉल असेल तर एअरप्लेन मोड चालू करून नंतर फक्त वायफाय लावा. वायफाय कॉलिंग आधी बंद करा, नाहीतर साधे कॉल त्या वाटेनेही येतील. तेवढा वेळ ओटीपीही येणार नाही, म्हणून लॉगिन आधीच उरकून घ्या.