पत्र्याखालचा उकाडा मोजणारं करिअर

मे महिन्यात शहादा-तळोद्याकडे भरदुपारी पत्र्याच्या घरात बसवत नाही. शेजारच्या कुडाच्या, कौलारू घरात मात्र जरा जीव निवतो. हा फरक नेमका किती, हे मोजून सांगणं हा एक व्यवसाय आहे आणि आपल्या मुलांच्या कानावर तो फारसा येत नाही.

एखाद्या मालातून उष्णता किती जाते हे मोजण्याची, आयएस 3346 या भारतीय मानकातली पद्धत पाहा. तपासायच्या मालाचे दोन सारखे तुकडे घेतात. त्यांच्यामध्ये तापती प्लेट आणि बाहेरच्या दोन्ही अंगांना थंड प्लेटा. तापत्या प्लेटभोवती आणखी एक तापती कड असते, त्यामुळे उष्णता बाजूने निसटत नाही, सरळ तुकड्यांतूनच जाते. मग वाट पाहायची. तापमान स्थिर व्हायच्या आत घेतलेलं रीडिंग फुकट जातं. नमुन्यात ओल राहिली तरी आकडा चुकतो, कारण हवेच्या मानाने पाणी वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. उतावळ्या मुलाला हे काम मानवणार नाही.

या आकड्यांवर पुढचं बांधकाम ठरतं. घरांसाठीच्या 2018 च्या इको निवास संहितेनुसार छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून किती उष्णता आरपार जाते याचा आकडा, 1.2 च्या वर नको. नुसत्या 15 सेंटिमीटरच्या स्लॅबचा तो 3 च्या पुढे जातो. त्यावर चांगल्या फोमचा सुमारे अडीच सेंटिमीटरचा थर दिला, की तो मर्यादेत येतो. हे गणित बारावीच्या मुलालाही जमेल.

"पण नोकरी कुठे?" पालकांचा प्रश्न रास्त आहे. घर सोडावं लागेल हे आधीच धरून चाला. मटेरियल टेस्टिंग लॅब, ब्लॉक आणि इन्सुलेशनचे कारखाने, शीतगृहांचे पॅनेल बनवणारे, हरित इमारतींचे सल्लागार ही कामाची ठिकाणं मुख्यतः पुणे, मुंबई, अहमदाबादकडे आहेत. संशोधनाची ओढ असेल तर रुरकीची केंद्रीय भवन संशोधन संस्था आहे.

यासाठी वेगळी पदवी शोधत बसू नका. दहावीच्या गुणांवर नंदुरबारच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा आणि मग थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, ही वाट मला सगळ्यांत भरवशाची वाटते. फिजिक्समधून बीएस्सी, एमएस्सी करूनही इथे पोहोचता येतं. वसतिगृह न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम योजना आहे, तिची चौकशी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा.

फी भरण्याआधी मुलाला दोन थर्मामीटर द्या, एक पत्र्याखाली, एक कौलाखाली टांगायला. तासातासाला नोंद करू दे. आठवड्यानंतरही तो न सांगता वही भरत असेल, तर अर्ज बिनधास्त भरा.