ओला हात, कूलर आणि शॉकचे गणित

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या घरात कूलरशिवाय लेकरू झोपत नाही. पण कूलरमध्ये पाणी भरताना शॉक बसून माणसे दगावतात ती याच दिवसांत. शॉक एकदा नुसता झिणझिणतो आणि एकदा जीव घेतो, असे का? शाळेतल्या साध्या भागाकाराने हे कळते.

विजेचा दाब म्हणजे विभवांतर, ते व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घरात ते २३० असते. वाहणारी वीज म्हणजे धारा, ती अँपिअरमध्ये. विजेला होणारा अडथळा म्हणजे रोध, तो ओहममध्ये.

धारा = विभवांतर ÷ रोध

शरीराचा हिशेब
कोरड्या कातडीचा रोध १,००,००० ओहमपर्यंत असू शकतो. २३० ÷ १,००,००० = ०.००२३ अँपिअर, म्हणजे २.३ मिलिअँपिअर. एवढ्याने झिणझिण्या येतात. हात ओला, पाय अनवाणी आणि जमीन ओली असेल, तर रोध १,००० ओहमपर्यंत उतरतो. २३० ÷ १,००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर!

साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात, धरलेली वस्तू सुटत नाही. ३० च्या पुढे श्वास आणि हृदय धोक्यात येते. १०० ला हृदयाची लय बिघडून माणूस मिनिटांत जाऊ शकतो. घामाने आणि जखमेनेही रोध घटतो. म्हणून हात कोरडा आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

फ्यूज माणसाला वाचवत नाही
६ अँपिअरचा फ्यूज ०.२३ अँपिअरला उडत नाही. तो वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी लागते. गळती होताच ते क्षणात वीज तोडते.

उपकरणाचा हिशेब
शक्ती (वॅट) = विभवांतर × धारा
रोध = विभवांतर ÷ धारा

पाणी तापवायचा रॉड १५०० वॅटचा असेल, तर धारा १५०० ÷ २३० = सुमारे ६.५ अँपिअर. त्याच्या कॉईलचा रोध २३० ÷ ६.५ = सुमारे ३५ ओहम. म्हणजे ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला हा रॉड झेपत नाही. सॉकेट तापते, वायर वितळते, आग लागते. रॉडला १६ अँपिअरचेच सॉकेट हवे.

घरात एवढे पाळा
- पाणी भरण्याआधी कूलरचे बटन बंद करून प्लगही काढा. भरताना पायात चप्पल असू द्या.
- तीन पिनचाच प्लग वापरा. मोठी पिन अर्थिंगची, ती कापू नका. सॉकेटमागे अर्थिंग खरोखर जोडले आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या.
- सोललेली वायर बदला. लहान मुलांना कूलरच्या पत्र्याजवळ जाऊ देऊ नका.

शॉक बसलाच तर
माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला वेगळे करा. १०८ ला फोन लावा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्याच. हृदयाचा त्रास नंतरही उद्भवू शकतो.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखाते सांभाळताना बाबासाहेबांकडे विजेचा विषयही होता. ती वीज आज आपल्या घरात आली आहे. ती समजून वापरू या. आज संध्याकाळी मुलांना घरातल्या प्रत्येक वस्तूवरचे वॅट वाचायला लावा, २३० ने भागायला सांगा आणि उत्तर सॉकेटवरच्या आकड्याशी ताडून पाहा.