कार्बनचा हँडलबार: शंका आली की बदला

बोपदेव घाट उतरताना वळणावरच्या खडीवरून माझी सायकल घसरली. मला थोडंफार खरचटलं. सायकलचा उजवा ब्रेक लिव्हर आत वळला आणि त्याच्या खालची टेप फाटली. दुकानात लिव्हर सरळ करून मिळाला, वर "नुसता रंग गेलाय, बिनधास्त चालवा" असा दिलासाही मिळाला. माझं समाधान झालं नाही. घरी येऊन सगळी टेप सोडली, लिव्हर काढला. क्लॅम्पच्या कडेला केसाएवढी आडवी रेघ होती. तिच्यावरून नख फिरवलं तर अडकत होतं. कापसाचा बोळा फिरवला तर त्याचे धागे तिथेच चिकटून राहिले. तो हँडलबार मी पुन्हा सायकलला लावला नाही.

ॲल्युमिनियम मार लागला की बहुधा वाकतं, त्याला पोचा पडतो, म्हणजे काय बिघडलंय ते दिसतं. कार्बनच्या तंतूंचे थर मात्र इपॉक्सीने एकमेकांना जोडलेले असतात. धक्क्याने आतले थर सुटले तरी वरची चकाकी शाबूत राहू शकते. असा बार पुढे कधीतरी एखाद्या खड्ड्यात एकदम तुटतो. मार्च २०२१ मध्ये बेल्जियममधल्या ले सामिन शर्यतीत सायकलपटू माथ्यू व्हान डर पूलचा हँडलबार धावत्या सायकलवर लिव्हरजवळ तुटला. तो सावरला. पण नंतर सायकलच्या कंपनीला त्या मॉडेलच्या ग्राहकांना सायकल चालवू नका, असं कळवावं लागलं. तिथे बार तुटायला पडण्याचंही निमित्त लागलं नव्हतं. आपला बार तर आपटलेला असतो.

म्हणून पडल्यावर टेपवरून अंदाज बांधू नका. टेप काढा, लिव्हर आणि स्टेमची पुढची पट्टी सोडवा, बार ओल्या फडक्याने पुसा आणि टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहा. स्टेमखालचा भाग आणि दोन्ही लिव्हरच्या जागा जास्त वेळ तपासा, कारण ताण तिथेच एकवटतो. ओरखडा फक्त वरच्या लाखेत असेल, नख अडकत नसेल, तंतू दिसत नसतील, तर सहसा काळजीचं कारण नाही. रेघ बारला वेढा घालत असेल, तंतू उसवले असतील, अंगठ्याने दाबल्यावर जागा मऊ लागत असेल किंवा जोर दिल्यावर करकरत असेल, तर तो बार बाद.

नाण्याने ठोकूनही पाहतात. डाव्या-उजव्या बाजूंच्या नेमक्या त्याच जागी ठोका. एकीकडे खणखणीत आणि दुसरीकडे बद्द आवाज आला तर आत थर सुटले असण्याची शक्यता आहे. मात्र आवाज सारखा आला म्हणून बार निर्धोक ठरत नाही. फ्रेम दुरुस्त करणारे कारागीर आहेत, पण हँडलबारच्या बाबतीत त्या वाटेला जाऊ नका. उतारावर तुमचा सगळा भार आणि ब्रेक त्याच्यावरच असतात. विषाची परीक्षा कशाला घ्यायची? बजेट नसेल तर ॲल्युमिनियमचा बार लावा, तो स्वस्तात मिळतो.

नवा कार्बन बार बसवताना टॉर्क रेंच वापराच. छापलेली मर्यादा बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असते. तिच्यापुढे आवळलं तर न पडताही बार चिरडतो. आणि बाद झालेला बार भंगारात तसाच देऊ नका. मास्क लावून, पाणी मारत, करवतीने त्याचे दोन तुकडे करा, म्हणजे तो कुणी पुसून पुन्हा विकणार नाही.