हिरव्या खुणेवर जाऊ नकोस

अगं छकुले, तुझा मेसेज वाचला. ‘ताई, रोज रात्री बॅकअप होतो, सकाळी बघते तर सगळीकडे हिरवी खूण. साहेब म्हणतात, हे काम झालं, आता दुसरं घे.’ साहेबांना म्हणू दे, तू मनाशी तसं धरू नकोस. ती हिरवी खूण एवढंच सांगते की प्रत घेतली गेली. त्या प्रतीतून मशीन परत उभं राहील का, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. आणि ज्या दिवशी खरंच काही कोसळेल, त्या दिवशी तुला कोणी ‘बॅकअप घेतला होतास का’ असं विचारणार नाही. ‘कधी सुरू होतंय?’ एवढंच विचारतील.

पेरणीच्या आधी आबा काय करतात, आठव. कणगी भरलेली दिसते म्हणून ते बियाणं उचलून भाजलेल्या राबावर टाकत नाहीत. मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतात, काही दिवसांनी उघडून कोंब मोजतात. कोंब कमी फुटले, तर ते भात गिरणीवर जातं, शेतात नाही. तुझ्या स्नॅपशॉटचं, म्हणजे डिस्कच्या त्या प्रतींचंही तसंच. महिन्यातून एकदा कुठलीही एक प्रत उचल, मुद्दाम जुनी उचल. तिच्यातून नवी व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, उभी कर, लॉग-इन कर, डेटाबेसमधली शेवटची नोंद कधीची आहे ते बघ. सुरुवात किती वाजता केली आणि काम चालू कधी झालं, हे वहीत लिही. हे आकडे साहेबांना आवडणार नाहीत, पण तुझ्या हातात खरं काही असेल तर ते हेच.

कोड साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीचं ऐकलं असशील. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनिअरच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. मग एकेक बॅकअप उघडायला घेतला. रोजची प्रत जिथे साठायला हवी तिथे काहीच नव्हतं, कारण प्रत घेणारा प्रोग्राम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा होता आणि रोज मुकाट अपयशी ठरत होता. अपयशाच्या मेल जात होत्या, पण मेल सर्व्हरच त्या नाकारत होता. शेवटी वाचवलं ते कोणीतरी चाचणीसाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. मधल्या सहा तासांचं गेलं ते गेलंच. पण त्या लोकांचं मला कौतुक वाटतं, कारण त्यांनी काही लपवलं नाही. परत उभं करण्याचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, नंतर सगळं लिहून जगापुढे ठेवलं. तुमच्याकडे असं काही झालं तर इंजिनिअरचं नाव शोधण्यात पहिला तास जाईल, हे मी आजच लिहून देते. त्यात तू पडू नकोस.

तुझा दुसरा प्रश्न होता, ‘आमचे सर्व्हर दोन झोनमध्ये आहेत, मग बॅकअप हवाच कशाला?’ छकुले, दोन झोन आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी. आणि ते दोन झोन तरी वेळेला खरंच दोन असतात का, ते आधी बघ. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय ना? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. कारण घडलं आपल्याच ठाणे जिल्ह्यात, पडघा-कळवा वाहिनीवर. तिथे ४०० केव्हीची दोन सर्किटं. एक दुरुस्तीला घेतलेलं, सगळा भार दुसऱ्यावर, आणि नेमकं तेच बिघडलं. कागदावर जोडी होती, त्या सकाळी हातात एकच होतं. तुमच्या दोन झोनचंही असंच विचार. एक बंद असताना दुसरा एकटा भार पेलेल का, हे कोणी कधी बघितलंय?

मुंबईचा गळा विजेच्या मनोऱ्यांत आहे, हे आपल्या भागाला तसं फार आधीपासून ठाऊक. क्रांतिकारक भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने १९४२ मध्ये मुंबईकडे वीज नेणारे मनोरेच पाडले होते. असो, विषयांतर झालं. झोनकडे परत येते.

झोन दोन असले तरी त्यांच्यात चालू डेटा एकसारखा ठेवला जातो. तू इकडे एक टेबल चुकून पुसलंस, तर तिकडचंही त्याच क्षणी पुसलं जाईल, अगदी आज्ञाधारकपणे. जुनी वेळ परत आणायची ताकद फक्त बॅकअपमध्ये. आणि तो बॅकअपही कुठे ठेवलाय ते बघ. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं, एडब्ल्यूएसचं, मुंबई रीजन २०१६ मध्ये सुरू झालं, हैदराबादचं २०२२ मध्ये. मुंबईत घेतलेला स्नॅपशॉट मुंबईतच राहतो. तू सांगितल्याशिवाय तो हैदराबादला जात नाही. कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला सप्टेंबर २०२५ मध्ये आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायची एक मोठी व्यवस्था तिथे होती, ८५८ टेराबाइट. इतकी मोठी, की बाहेर प्रतच ठेवली नव्हती. सगळं गेलं. ‘फार मोठं आहे, खर्च परवडत नाही’ असं तुलाही ऐकवतील, तेव्हा हे सांग.

याच्या उलट युनिसुपरचं. ऑस्ट्रेलियातला हा निवृत्तिनिधी, सहा लाखांवर सभासद. मे २०२४ मध्ये गूगल क्लाउडवरचा त्यांचा खासगी क्लाउडच चुकीच्या सेटिंगमुळे पुसला गेला. सावरले, त्यात दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेल्या प्रतीचा मोठा वाटा होता. म्हणून निदान एक प्रत वेगळ्या खात्यात ठेव, जिथे तुझा रोजचा पासवर्ड चालत नाही आणि ठरलेल्या मुदतीआधी कोणालाच, अगदी तुलाही, काही पुसता येत नाही. रॅन्समवेअरवाले आत शिरले की आधी बॅकअपच शोधतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या होत्या.

आता जे कोणी शिकवत नाही ते सांगते. परत उभी केलेली व्हीएम स्वतःला मूळच समजते. तिला कोण सांगणार की ती प्रत आहे? उठल्या उठल्या ती नेमून दिलेली कामं करायला लागते, ग्राहकांना एसएमएस पाठवते, बँकेला फाइल पाठवते, तीसुद्धा मागच्या महिन्यातली. म्हणून चाचणी नेहमी बाहेरची वाट बंद केलेल्या नेटवर्कमध्ये कर. दुसरं म्हणजे किल्ली. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते, आणि ती किल्ली कोणीतरी ‘जुनी दिसते’ म्हणून काढून टाकतं. एडब्ल्यूएसवर किल्ली पुसायला टाकली की ७ ते ३० दिवसांची मुदत असते. तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक. नाही तर शेकडो स्नॅपशॉट शाबूत असतात, हिरव्या खुणेसकट, आणि एकही उघडत नाही. तिसरं, चालू डेटाबेसच्या डिस्कचा नुसता स्नॅपशॉट म्हणजे भर कामात वीज गेल्यावर डिस्क जशी राहते तशी. बहुतेक वेळा डेटाबेस स्वतःला सावरतो. ‘बहुतेक’वर झोप येत नसेल, तर आधी क्षणभर लिखाण थांबवून मग स्नॅपशॉट घ्यायची सोय करून घे.

अर्काइव्हचं थोडक्यात. बॅकअप कालचं काम परत आणण्यासाठी, अर्काइव्ह उद्या कोणी कायद्याने मागेल त्यासाठी. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवावी लागतात, आणि ती संगणकावर असतील तर २०२२ पासून रोजची प्रत भारतातल्या सर्व्हरवर लागते. सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस. स्वस्त पडतं म्हणून सगळेच स्नॅपशॉट अर्काइव्हमध्ये ढकलू नकोस. एडब्ल्यूएसवर तिथून परत आणायला ७२ तासांपर्यंत लागू शकतात, आणि ९० दिवसांआधी काढलं तरी पैसे ९० दिवसांचेच. सर्व्हर पडलेला असताना तीन दिवस वाट बघत बसशील का?

आणि हो, २ जानेवारीची रजा आत्ताच टाक. भाई कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील यांच्या बलिदान दिनाला आपण सिद्धगडला जातोच, आणि त्या रानात तुझा फोन मुका. म्हणून डिसेंबरातच सगळ्या पायऱ्या लिहून काढ: कुठली प्रत, कुठल्या खात्यात, किल्ली कोणाकडे, सर्व्हरचा पत्ता कुठे बदलायचा. तो कागद तुमच्या त्या नवीन मुलीच्या हातात दे आणि तिला एकटीला रिस्टोअर करू दे. तू शेजारी बस, पण तोंड उघडू नकोस. ती जिथे अडेल तिथे तुझ्या डोक्यात आहे पण कागदावर नाही असं काहीतरी सापडेल. ‘मीच लागते’ याचा अभिमान पहिली दोन वर्षं गोड वाटतो गं, मग सणवार त्यातच जातात. पोरींचे तर जास्तच, कारण नाही म्हणायची आपल्याला सवय नसते.

सोमवारी साहेबांना दोनच गोष्टी विचार. सर्व्हर पडला तर किती तासांचं काम गेलेलं चालेल? आणि किती तासांत परत उभा हवा? ते म्हणतील, शून्य आणि लगेच. सगळेच म्हणतात. मग वहीतले तुझे आकडे पुढे ठेव, तेवढ्याला खर्च किती येईल ते सांग, आणि पुन्हा विचार. त्यांचं दुसरं उत्तर खरं असतं. ते मेलवर घे.