माणिकडोहचे बिबटे

जुन्नर म्हटले की आपल्याला शिवनेरी आठवतो. त्याच जुन्नरजवळ कुकडी नदीवर माणिकडोहचे धरण आहे. तेथे बिबट्यांचे एक निवारा केंद्र आहे. वनखाते आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून ते चालवतात. संस्थेला लोक देणग्या देतात.

वनखात्याची परवानगी काढून आम्ही तेथे गेलो. बरोबर ऊसवाल्या गावची काही मंडळी होती. या भागात लोक बिबट्याला वाघच म्हणतात. पण वाघाच्या अंगावर पट्टे असतात, बिबट्याच्या अंगावर ठिपके.

एका मोठ्या पिंजऱ्यात एक बिबट्या लंगडत होता. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “अहो दादा, याला जंगलात सोडून का देत नाही? फुकट पोसता कशाला?”

तेथला माणूस म्हणाला, “मावशी, फासात याचा पाय गेला. सोडला तर हरीण धरता येणार नाही. मग तुमच्या गोठ्यावरच येईल. आणि माणसावर हल्ला केलेला असला, तर तो कोणाच्या दारात सोडायचा?”

हे सोडण्याचे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागातले २९ बिबटे शेतांतून धरले आणि दूर जंगलात नेऊन सोडले. लोकांना वाटले, पीडा टळली. झाले उलटेच! आधी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत. नंतर ते १७ वर गेले. अभ्यासकांनी हे आकडे तपासले आहेत. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर बिथरते. म्हणून ‘पकडा आणि लांब सोडा’ हा उपाय नव्हे.

मग बिबट्या गावात येतोच का? ऊस उंच, दाट. लपायला जागा, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. त्याला आणखी काय हवे? मादी तर उसातच विते. ऊसतोडीला फडात कोयता चालू लागला की पिले सापडतात. मांजरीच्या पिलांएवढी असतात. माणसांना दया येते. कोणी घरी नेते, कोणी दूध पाजते. आमच्या मते घात होतो तो येथेच. आई कोठे गेलेली नसते. दिवसा ती जवळच दबा धरून असते. रात्री आली आणि पिले नाहीत, म्हणजे ती चवताळते. त्या रात्री बांधावरून जाणाऱ्याची धडगत नाही.

म्हणून पिले दिसली तर तोड थांबवावी, बाजूला व्हावे आणि १९२६ या क्रमांकावर वनखात्याला फोन करावा. गर्दी करू नये. फोटोसाठी पिलू उचलू नये. केंद्राचे डॉक्टर येतात, पिले तपासतात. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी खुणेची चिप बसवतात. ते जनावर पुन्हा सापडले तर त्यावरून ओळखू येते. संध्याकाळी पिले खोक्यात घालून त्याच जागी ठेवतात. लांबून कॅमेरा लावतात आणि सगळे मागे हटतात.

“आणि शेळी मारली तर?” मावशींनी विचारले. त्यांची एक गेली होती. शेळी मेली तर तिला हलवू नये, वनखात्याला लगेच कळवावे. पंचनामा झाला की सरकारी भरपाई मिळते. मावशींनी रागाने शेळी पुरून टाकली होती. भरपाई बुडाली.

शेवटी आम्हाला एक चित्रफीत दाखवली. रात्र होती. उसातून मादी आली. तिने चारी बाजूंनी वास घेतला आणि पंजाने खोके कलंडवले. एक पिलू तोंडात धरून ती अंधारात गेली. बराच वेळ गेला. मावशी म्हणाल्या, “दुसरं राहिलं की गं बाई!” तेवढ्यात मादी परत आली.